चारचाकीच्या नमुन्यातली गाढवीण

न्यिका पठाराच्या पायथ्याशी एका जिल्हा कचेरीत तावोंगा म्सोवोयाबाई खरेदीप्रमुख होत्या. नियमाबाहेर त्यांनी कधी टाचणीसुद्धा घेतली नाही. घरासाठी भोपळ्याची पानं घ्यायची तरी तीन जणींकडे भाव काढत, तोवर नवरा उपाशी बसे.

एका वर्षी डोंगरावरच्या दवाखान्यात लसी पोचवायला गाढव घ्यायचं ठरलं. वर जीप चढत नव्हती. पण जनावराच्या खरेदीचा मंजूर नमुनाच नव्हता, म्हणून निविदा निघाली ती वाहनाची. चिर्वा नावाच्या जनावरांच्या व्यापाऱ्याने ती इमानेइतबारे भरली. इंधन : गवत. सुटे भाग : दुसरं गाढव. भोंगा : आहे, बंद करता येत नाही.

खरेदीआधी साधन चालवून पाहणं बंधनकारक होतं. कचेरीचा ड्रायव्हर म्हांगो दोन पावलं मागे सरला. "मॅडम, माझ्या लायसन्समध्ये गाढव बसत नाही."

"मग बसायचं कुणी?"

"खरेदी समितीच्या अध्यक्षांनी. म्हणजे... तुम्हीच की!"

बाई कमरेला गुंडाळलेलं चितेंजे सावरून गाढविणीवर बसल्या. कचेरीला एक फेरी मारायची एवढंच ठरलं होतं. पण गाढवीण फाटकाबाहेर पडली आणि तिने सरळ डोंगराची वाट धरली.

"मॅडम, ब्रेक! ब्रेक!" म्हांगो मागून ओरडला.

"कुठाय तो, ते सांग ना मेल्या!"

दुपारी गाढवीण थांबली ती दवाखान्याच्या दारात. आतून सिस्टर न्यिरेंडा धावत आल्या. "अगं बाई! तुम्ही स्वतः?"

बाई आत टेकल्या. समोर लसींचा फ्रिज उघडाच होता आणि त्यात कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या.

"हा तर मी पाठवलेला..."

"हो ना, फार गुणाचा आहे! माणसांनी खांद्यावरून आणला. वीज आली की कोंबड्या हलवू."

"वीज नाही हे कळवायचं नाही होय?"

"कळवलं होतं. वीज आमच्या विभागात येत नाही, असं उत्तर आलं. सही तुमचीच होती."

या फ्रिजची खरेदी त्या नव्या अधिकाऱ्यांना आदर्श म्हणून शिकवत. सिस्टरने मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि तळलेलं अंडं पुढे ठेवलं. अंडं कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. खाऊन टाकलं.

खाली आल्यावर त्यांनी शेरा लिहिला : "साधन समाधानकारक. चालकाच्या सूचनेशिवाय योग्य ठिकाणी पोचते." त्याच आठवड्यात फ्रिजसाठी सौर पॅनेलची निविदा काढली, आणि यादीत शेवटी एक खुराडंही जोडलं.

पुढच्या वर्षी गाढवीण व्याली आणि खरी पंचाईत झाली. सरकारी मालमत्ता घसाऱ्याने दरवर्षी घटायची असते, इथे ती वाढली होती. लेखापरीक्षकाने शिंगराकडे बोट दाखवलं. "बाई, हे निविदेशिवाय आलंच कसं?"

बाईंनी रकान्यात लिहिलं : "देणगी. देणगीदार फरार."