पेटीच्या झाकणातला घोडेस्वार

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची पेटी आता माझ्याकडे आहे. तिचे दिवस झाल्यावर मी ती उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला चित्रांची दाटी: कापडाच्या ठाणांवरच्या रंगीत कागदी छापांतले हत्ती, राण्या, आगबोटी, काड्यापेटीवरचे वाघ. वडिलांचं जळकोटात कापडाचं दुकान होतं. ठाण संपलं की त्याचा छाप अक्काचा. कणकेच्या पातळ खळीनं ती चित्रं चिकटवायची, म्हणजे मन बदललं की ओल्या फडक्यानं सोडवून दुसरीकडे लावता येत.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. आमचा थोरला भाऊ, अण्णा, चळवळीत पडून सरहद्दीपलीकडे सोलापूरला गेला होता. एका दुपारी शेजारीण धावत आली.

"पोलीस चावडीवर आलेत. तुमच्या पोराचा फोटू मागतेत."

फोटो एकच होता, पांढऱ्या टोपीतला.

"जाळून टाकू," मी म्हणाले.

"अन् मग मी काय बघू गं?" आई म्हणाली.

अक्कानं कात्री घेतली. टोपी कापली, खांदे कापले, तुकडे चुलीत टाकले. खळ शिजवायला वेळ नव्हता. घोंगडीला द्यायची चिंचोक्याची खळ मडक्यात होती, तीच बोटानं लावून तिनं अण्णाचा चेहरा एका घोडेस्वार राजाच्या तोंडावर बसवला. काजळानं मिशा काढल्या, करड्या गालांवर कुंकू चोळलं.

पोलिसांच्या जमादारानं घरात शिरून कपडे उपसले, देव्हारा पाहिला, मग पेटी उघडली. खळ ओली होती. चेहऱ्याची एक कड उचलत होती.

"ये कौन राजा है?"

"ठाणावरचा हाय, साहेब. नाव म्हायती न्हाय," अक्का म्हणाली.

"लई दुबळा हाय की," जमादार आता मराठीत बोलला. " सगळा चारा घोडाच खातो काय?"

शिपाई हसले. जमादारानं उचललेली कड अंगठ्यानं दाबली, क्षणभर तशीच धरली आणि झाकण मिटलं. त्याला कळलं होतं का, यावर आम्ही दोघी जन्मभर बोललो.

अण्णा परतला नाही. गोळी लागल्याची बातमी तेवढी आली. आई अक्काला म्हणाली, "त्याला त्या घोड्यावरनं उतरव गं." अक्कानं ओलं फडकं लावलं. मिशा पुसल्या, हनुवटीचा पापुद्रा निघाला, पण चिंचोक्याच्या खळीनं धरलेला चेहरा हलला नाही. आईनंच तिचा हात धरला.

अक्काच्या फोटोशेजारी अण्णा हवा, म्हणून काल मीही फडकं भिजवलं. बराच वेळ हातात धरून बसले. मग पिळून वाळत घातलं.