पासपोर्टावरचा शेंदूर

दोन हजार तेवीस साल. मला बहात्तरावं लागलं होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट माझ्या हातानं घडली, म्हणून माझ्याच हातानं लिहून ठेवतो. एक आधीच सांगतो. माझं चुकलं असं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. बायकोला चाळीस वर्षांत नाही, आणि ती गेली तेव्हाही नाही.

माझी नात पल्लवी अकोल्याला बीबीए करते. तिच्या कॉलेजातून एका पोरीची निवड झाली, सहा महिने जर्मनीच्या विद्यापीठात शिकायला. तिकडची पोरं इकडे, इकडची तिकडे, असा करार असतो म्हणे. ती पोरगी पल्लवी. मी आधी नाहीच म्हटलं. व्यापार शिकायला जर्मनी कशाला, अकोल्याच्या बाजारात उभी राह्य, असं तोंडावर बोललो. ती रडली नाही, भांडलीही नाही. निघायच्या आदल्या दिवशी मात्र गावी आली, माझ्या पाया पडायला. नांदगाव खंडेश्वरजवळ आमचं खेडं आहे. तिच्या पाठीवरच्या पिशवीत पासपोर्ट होता. तो उघडून तिनं मला व्हिसाचं पान दाखवलं. त्यावर तिचा फोटो, खाली बारीक आकडे.

"आबाजी, याले हात नका लावू. पान्याचा थेंबही चालत नाही यावर. हे बिघडलं त सगळं गेलं."

"मले समजते," मी म्हटलं.

आता आमच्या घरची रीत अशी, की नवी वस्तू मारोतीच्या पायाचा शेंदूर लागल्याशिवाय वापरात येत नाही. बियाण्याची थैली असो, सायकल असो, मुलाची मोटारसायकल असो. माझा बाप करायचा, मी करतो. गुरवालाही लावू देत नाही, टिळा मीच लावतो. दुसऱ्या दिवशी पहाटे पल्लवी आंघोळीला गेली. मी पासपोर्ट काढला, बंडीच्या खिशात घातला आणि मारोतीच्या पारावर गेलो. एवढ्या लांब जाणारी पोर, आणि तिचा कागद देवाच्या पायाला न लागता जाणार? मूर्तीवरचा तेलातला शेंदूर बोटावर घेतला आणि व्हिसाच्या फोटोवर, तिच्या कपाळी, टिळा लावला.

तेल पसरलं. बघता बघता डोळ्यांवर आलं. मी घाबरून धोतराच्या सोग्यानं पुसलं, तर तो भगवा पट्टा खालच्या आकड्यांवरून ओढला गेला. मी मारोतीकडे पाहिलं. पासपोर्ट मिटवून जिथला तिथं ठेवला आणि चहा प्यायला बसलो.

अकोल्याहून दुपारच्या गाडीनं ती बापासोबत मुंबईला निघणार होती, दुसऱ्या दिवशी विमान. तिला अकोल्यापर्यंत सोडायला मी निघालो. अमरावतीला एसटी बदलली. पल्लवी खिडकीशी, मी मधात, पिशवी आमच्या दोघांच्या मधोमध. जसं जसं बडनेरा जवळ येत होतं तसा मी सारखा पिशवी चाचपत होतो. सांगावं, तर ही आत्ताच फुटेल. न सांगावं, तर मुंबईत विमानतळावरचा साहेब तिला परत पाठवेल, हजार लोकांसमोर. मनातल्या मनात मी देवाशी भांडत होतो. तुझाच शेंदूर, तूच निस्तर. माझी प्रार्थनाही अशीच, हुकूम दिल्यासारखी.

बडनेऱ्याला एक म्हातारा चढला. माझ्याच वयाचा, काळी टोपी, गळ्यात मोजायची फीत तशीच लोंबकळत. माझ्या शेजारी टेकला आणि आधी माझ्या धोतराकडेच पाहिलं.

"काय बाप्पा, देवाले आंघोळ घातली का देवानं तुमाले?"

मी सोगा आवरून घेतला. तो थांबणारा नव्हता.

"तेलाचा डाग हाय. घरी जाऊन पानी माराल त कायमचा बसंन. पन्नास वर्षं शिलाई मशिनीवर काढली म्या. मशिनीचं तेल रोजच कापडाले लागते. द्या इकडं."

मी हो म्हणायच्या आत त्यानं सोगा मांडीवर घेतला. खिशातून कापड आखायचा पांढरा खडू काढला, ब्लेडनं त्याचा भुगा पाडला, डागावर दाबला. "घासायचं नाही. दाबायचं आन् वाट पाहाची. तेल आपोआप वर येते. मानसानं हात आखडता घेतला पायजे." मूर्तिजापूर यायच्या आधी त्यानं सोगा झटकला. डाग होता तिथं फिकट सावली उरली होती. मी न विचारता त्यानं उरलेला खडू माझ्या हातावर ठेवला. "ठेवा. तुमाले लागंन," म्हणाला, आणि मूर्तिजापूरला उतरून गेला. नाव मी विचारलं नाही. आजवर त्याची चुटपुट आहे.

पल्लवी झोपली होती. माझ्या हातात खडू होता आणि पिशवी मांडीशी. मनात आलं, हळूच पासपोर्ट काढावा, भुगा दाबावा, कोणाला कळायचं नाही. पिशवीच्या चेनला हात लागलासुद्धा. आणि तिथंच तो अडला. कोणी मनगट धरल्यासारखा. जोर नव्हता त्यात. लहानपणी आई धरायची तसा. सकाळी चोरून गेलेला हात हाच, हे मला दिसलं. पुन्हा चोरून जायचं नव्हतं.

"पल्ले, ऊठ."

"अकोला आलं काय?"

"नाही. माह्यं चुकलं."

"डब्बा इसरले काय घरी?"

मी सांगितलं. तिनं पासपोर्ट उघडला. खालचे आकडे वाचून पाहिले, एकही लागेना.

"कावून केलं, आबाजी? सांगतलं होतं नं म्या!"

"सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग काही नाही. माह्यं चुकलं, माय."

तिनं कॉलेजच्या मॅडमला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, ओलं करू नका, खालचे आकडे वाचता आले पाहिजेत; नवा व्हिसा आता वेळेत मिळणार नाही. पल्लवीनं फोन ठेवला आणि माझ्यापुढे पान धरलं. "करा तुमी. माह्याच्यानं नाही होत." ब्लेड नव्हतं, म्हणून खडू किल्लीनं खरवडला. भुगा दाबला. मी आयुष्यात पहिल्यांदा काही न मागता नुसता हात ठेवून बसलो. बोरगाव मंजू मागे पडलं. अकोल्याच्या स्टॅंडवर गाडी थांबल्यावर तिनं पानावर फुंकर मारली. आकडे एकेक करून वर आले. फोटोच्या कपाळावर मात्र फिकट भगवी सावली राहिली.

ती बापासोबत मुंबईला गेली, आणि पुढचा दीड दिवस मी अकोल्याला मुलाच्या घरी खुर्चीत काढला. सूनबाई म्हणायची, "मामाजी, दोन घास खा." मी फोनकडे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. ती विमानापाशी पोहोचली होती. साहेबानं पान उजेडाकडे धरलं, हे काय म्हणून विचारलं. तिनं सांगितलं, माझ्या आजोबांनी टिळा लावला. साहेबानं पान मशिनीवर ठेवलं, मशिनीनं वाचलं, शिक्का बसला. "आबाजी, झालं," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली.

तो शिंपी कोण, हे मला विचारू नका. शिंपी असेल. पण माझा डाग त्यानं आधी पाहिला, आणि मग मला पाहता आला, एवढं खरं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. देवावर भार टाकणं म्हणजे त्याला हुकूम देणं नव्हे. आपला हात बाजूला घेणं, हे मला बहात्तराव्या वर्षी कळलं.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं गावी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून पारावर गेलो. हातात काही नव्हतं. गुरव म्हणाला, "आज काय आनलं, आबाजी?" मी मारोतीपुढे खाली बसलो, टोपी काढली आणि गुरवाला म्हटलं, "आज तू मले टिळा लाव."