पाटावरचं पिस्तूल

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या आमच्या घरात पिस्तूल आलं, तेव्हा मी एकच अट घातली होती. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचा हात त्याला लागता कामा नये. "अगं, अर्थातच! लॉक करून ठेवणार," नवरा म्हणाला. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून त्याच्या अंगात एकदम शौर्य संचारलं होतं. एरवी घरात उंदीर निघाला की हाच माणूस खुर्चीवर चढून अपार्टमेंटच्या ऑफिसला फोन लावायचा.

पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आला तो अंगठ्याजवळ पट्टी बांधून. गोळी सुटताना पिस्तूल मागे उसळतं, त्यात कातडी सोलली होती. मला वाटलं, सुटलो, आता विकून टाकेल. कसलं काय! नाचता येईना अंगण वाकडं. दोष म्हणे हाताचा नव्हताच, पिस्तुलाच्या पार्ट्सचा होता.

मग पार्सलं सुरू झाली. नवी स्प्रिंग आली, ती धरून ठेवणारी स्टीलची दांडी आली, झटका कमी व्हावा म्हणून नळीच्या तोंडावर बसवायचा एक ठोकळा आला. शनिवारी सकाळी डायनिंग टेबलावर पेपर पसरून हा सगळा संसार मांडून बसायचा. एकदा त्यानं माझ्या कोशिंबिरीच्या वाटीत बंदुकीचं तेल ओतून स्प्रिंग भिजत घातली. ती वाटी मी चिमटीत धरून कचऱ्यात टाकली, घासून पुन्हा वापरायचा विचारही सहन होईना. त्या तेलाचा वास पडद्यांना, पोळ्यांच्या फडक्याला, त्याच्या बोटांना. त्याच बोटांनी तो वरणभात कालवायचा आणि मला समोर बसवायचं नाही. खरी शिसारी यायची ती त्याच्या कौतुकाची. बाळाला न्हाऊ घातल्यावर पुसावं तसं पुसायचा ते. सिंकचा नळ वर्षभर गळत होता, त्याला मात्र स्क्रूड्रायव्हर लावायला याला वेळ नव्हता.

शेवटी त्यानं मूठ बदलली. नवी मूठ चांगलीच बारीक होती.

"तुझ्यासाठी गं," तो म्हणाला. "लहान हातात पण मस्त बसते. आता अजिबात जंप करत नाही, ट्राय तर कर."

"मी त्याला हात लावणार नाही. शंभरदा सांगितलंय."

तो नुसता हसला आणि पुसत राहिला.

त्या वर्षी सासूबाई नागपूरहून आल्या होत्या. दसऱ्याला त्यांनी पाट मांडला. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मुलीची पुस्तकं, माझी विळी आणि मधोमध पिस्तूल. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. "आज शस्त्रांचीच पूजा असते. तोंड कशाला वाकडं करतेस?" मला म्हणाल्या. देवासमोर उभी राहून मला इतकी किळस कधी आली नव्हती. हात जोडले ते विळीकडे बघून.

दुपारी वरच्या मजल्यावरचे पुण्याचे काका-काकू जेवायला आले. मुलगी ताटलीत सोनं घेऊन फिरत होती. इथे आपटा कुठला, पार्किंगमागच्या रेडबडच्या झाडाची पानं आम्ही सोनं म्हणून वाटायचो. काकांनी पाटावरचं पिस्तूल उचललं. "रिकामंच आहे ना?" विचारून घेतलं आणि हातात तोलून बघितलं.

"क्या बात है यार! पण झटका जाम बसत असेल."

नवरा तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "नो काका, आधी बसायचा. माय हॅन्ड वॉज हर्टिंग. मग बाबानं ते माझ्यासाठी फिक्स केलं." आणि माझ्याकडे नजर जाताच तिनं जीभ चावली.

मग नवरा सुरू झाला, रेंजवर इन्स्ट्रक्टर असतो, सेफ्टी लहानपणीच शिकवायला हवी, इथे सगळेच शिकवतात. मी ऐकत नव्हते. त्या बारीक मुठीकडे बघत होते. लहान हात म्हणजे कुणाचा, ते आत्ता कळत होतं.

मुलीनं घाईघाईनं माझ्यापुढे पान धरलं. "सोनं घे आई, सोन्यासारखी राहा."

मी पान घेतलं आणि तिचा हात नाकाशी नेला. त्याला तेलाचा तोच वास येत होता. म्हणजे पूजेआधी पिस्तूल पुसायलाही तीच बसली असणार.

जेवणाची पानं खोळंबली होती, श्रीखंड वाढायचं होतं. मी तिला सिंकपाशी नेलं आणि त्या गळक्या नळाखाली तिचे हात साबणानं धुतले.

"आई, दे आर क्लीन," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी पुन्हा साबण लावला.