समुद्रकाठचा पेन्शनर

माझे वडील लष्कराच्या डेपोतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आठच दिवसांत त्यांना समुद्राची आठवण झाली. तीस वर्षं ते कासारवाडीहून देहूरोडला जाऊन-येऊन नोकरी करत होते. तेवढ्या काळात त्यांनी आम्हाला लोणावळासुद्धा दाखवलं नव्हतं. आता मात्र त्यांना गोव्यात कायमचं राहायला जायचं होतं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणजे परदेशच. तिथे हिंदुस्थानी पेन्शनीत माणूस साहेबासारखा राहतो, असं डेपोतल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. घरभाडं किरकोळ, मासळी दारात, विलायती ब्लेडं आणि घड्याळं वाण्याकडे मिळावीत तशी मिळतात. बाटल्यांचा उल्लेख ते आईसमोर टाळत. पण आमच्याकडे दारूबंदी होती आणि मला कान होते.

चारचौघांत ते ‘परदेशी स्थायिक होतोय’ असं म्हणत. आईला समजावताना तोच गोवा ‘अगं, आपल्या कोकणातच तर आहे’ होई. स्टेशनच्या बाकावर बसणारी पेन्शनर मंडळी कौतुकानं माना डोलवत. पुण्यातून त्याच सुमारास तरुण पोरं गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी हद्द ओलांडायला निघाली होती. लाठ्या खाऊन, डोकी फोडून घेऊन परत येत होती. माझे वडील त्याच हद्दीपलीकडे स्वस्तातले बांगडे खायला निघाले होते. मी चिंचवडच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. वडिलांची मला लाज वाटे आणि ती मी फारशी लपवतही नसे.

त्यांची अडचण एकच होती. समुद्रकाठच्या घराला पैसा हवा होता आणि तो आईच्या जमिनीतून यायचा होता. तिच्या लग्नात माझ्या आजोबांनी कासारवाडीच्या शिवारातला एक तुकडा तिला चोळीबांगडीला दिला होता. लेकीला चोळीबांगडीसाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागू नये म्हणून बापानं असा तुकडा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. आजोबांनी तो तिच्या नावावर चढवूनही दिला होता. आईनं तिथे पेरू लावले, मेथी-चाकवत काढला, पाटी डोक्यावर घेऊन खडकीच्या बाजारात विकला. मी शिकले ती त्या पेरूंवर. वडिलांचा पगार त्यांच्या इस्त्रीच्या कोटांना आणि डेपोतल्या पार्ट्यांना पुरे.

पिंपरीच्या बाजूला तेव्हा कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात झाली होती. एका कंपनीचा दलाल आमच्या ओट्यावर येऊन बसू लागला. वडील त्याला चहा पाजत आणि आईला अडाणी ठरवत. आई एकदाच ‘न्हाई’ म्हणाली आणि भाजी निवडत बसली. तिनं भांडावं, असं मला फार वाटे. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला राग यायचा. खरं सांगायचं तर तीही मला बावळटच वाटे.

शेवटी वडील एकटेच पुढे गेले. मडगावच्या पलीकडे एका गावात त्यांनी खोली घेतली. जमीन विकून मागून ये, असा हुकूम आईला देऊन गेले होते. पहिली पत्रं बाकावरच्या मंडळींना वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली होती. रोज संध्याकाळी किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसतो, शेजारी एक पोर्तुगीज गृहस्थ आहेत, ते टोपी काढून नमस्कार करतात, असलं काहीबाही. आई ऐकून घेई आणि एवढंच विचारी, त्यांना जेवायला कोण घालतं.

मग हद्द बंद झाली. गाड्या थांबल्या, मनिऑर्डरी थांबल्या. त्यातून पेन्शनीचा एक साधा नियम होता. वर्षातून दोनदा पेन्शनरानं कचेरीत स्वतः उभं राहून आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. नाही दाखवलं, तर पेन्शन बंद. हा नियम माझ्या वडिलांना ठाऊक नव्हता असं नाही. एका सहीसाठी एका म्हाताऱ्या हमालाला त्यांनी तीनदा परत पाठवल्याची गोष्ट ते जेवताना रंगवून सांगत. दुसऱ्यांच्या कागदांवर बोट ठेवण्यात हयात गेली. स्वतःच्या बाबतीत मात्र साहेबांना वाटलं, आपण गाडीत बसून येऊ आणि तोंड दाखवून परत जाऊ.

पत्रांतून आधी पोर्तुगीज गृहस्थ गेले, मग खुर्ची गेली, मग मासळी. शेवटच्या पत्रात फक्त जमीन होती. विक आणि कुणाबरोबर तरी पैसे पाठव. मला अजिबात कीव आली नाही.

काही महिन्यांनी कसाबसा परवाना मिळवून ते परत आले. अंगातला कोट कुणा दुसऱ्याचा असावा इतके वाळले होते, दाढी छातीपर्यंत आली होती. आईनं पाणी तापवलं, भाकरी केली. माझी समजूत, माणूस आता जमिनीवर आला असेल. दोन दिवसांनी ते दलालाकडून तयार खरेदीखत घेऊन आले. हद्द आज ना उद्या उघडेलच, मग या खेपेला खोली नको, घरच घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. पेन्शन सुरू करून घेतली की येताना दलालाकडे जाऊन आईचा अंगठा घ्यायचा, असं त्यांनी आम्हाला न विचारताच ठरवून टाकलं.

पेन्शनीच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. कारकुनानं जुन्या कागदावरचं वर्णन वाचलं, समोरच्या हाडांच्या सापळ्याकडे पाहिलं आणि दोन माणसांची ओळख लागेल म्हणाला. मी सही केली. मग त्यानं आईला विचारलं, हे तुमचे यजमान का?

आई बोलेना. वडील हसून म्हणाले, ती खेड्यातली आहे, जरा बुजली आहे. मागे रांग खोळंबली होती. कारकुनानं पुन्हा विचारलं. आई त्याच्याकडे न बघता वडिलांना म्हणाली, “आदी त्यो खिशातला कागुद फाडा.”

“इथे काय तमाशा लावलायस,” वडील दबक्या आवाजात म्हणाले.

“फाडा. मंग वळखते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहू लागले. ज्या बाईला मी बावळट समजत आले, तिनं महिनोन् महिने एका जागेची वाट पाहिली होती, जिथे त्यांना तिची गरज पडेल. मला स्वतःचीच लाज वाटली. वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून खरेदीखत काढलं आणि फाडलं. आईनं खाली वाकून सगळे तुकडे वेचले, पदरात बांधले आणि मग कारकुनापुढे अंगठा धरला.

“व्हय, ह्येच आमचं मालक,” ती म्हणाली. “जित्तं हायती. लिवा.”