पिठातून चालत आलेली माशी

धुक्याचा पडदा हळूहळू वर सरकतो आणि मोर्शीच्या अलीकडची संत्र्याची बाग दिसू लागते. आंबिया बहार फुललेला. पांढऱ्या फुलांचा वास इतका दाट, की त्यात माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. डाव्या अंगाला दोन खोल्यांचं घर. त्याच्या ओसरीत एक टोपली पालथी घातलेली. उजव्या अंगाला झाडांच्या सावलीत दोन लाकडी पेट्या. टोपलीभोवती बायका बसल्या आहेत, पण कोणी रडत नाही. मधोमध पार्बताबाई, कपाळ कोरं. सगळ्यांचे डोळे टोपलीवर.

टोपली होती त्याच जागी तिचा नवरा चंद्रभान गेला होता. छातीत कळ आली, ओसरीत टेकला, तो उठलाच नाही. रीतीप्रमाणे त्या जागी ज्वारीचं पीठ पसरून वर दिवा लावला होता आणि टोपली झाकली होती. सकाळी पिठावर ज्याचं पाऊल उमटेल, त्याच्या जन्माला जीव गेला असं तिकडे मानतात.

टोपली उचलली. दिवा धुगधुगत होता. पिठावर ना पाखराचा पाय, ना गाईचा खूर. केसाएवढी बारीक वेलबुट्टी गोल गोल फिरत गेलेली, आणि तिच्या टोकाला एक मधमाशी, पिठानं पांढरीफटक. ती उडाली नाही. चालत आली, थांबली, पंख झटकले आणि पार्बताबाईच्या पायाच्या अंगठ्यावर चढली.

चुलतसासूनं पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "माशीच्या जन्माले गेला वं."

त्या दोन पेट्या चंद्रभाननं जेमतेम पंधरवड्यापूर्वी आणल्या होत्या. वलगावच्या धर्मपालचा मधमाश्यांचा धंदा. पेट्या ठेवल्या की फळ जास्त धरतं, हे त्यानं पटवून दिलं होतं. गावानं चंद्रभानची भरपूर टिंगल केली. पार्बताबाईला तर माश्यांची भीतीच होती. ती पेट्यांच्या बाजूला फिरकत नसे. आणि आता त्यांतल्याच एकीत नवरा येऊन बसला होता.

मुलगा कुलदीप अमरावतीत एका कोचिंग क्लासच्या कार्यालयात कामाला. त्याला आईला घेऊन जायचं होतं. बाग ठोक्यानं दुसऱ्याला कसायला द्यायची, पेट्या धर्मपालला परत करायच्या, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं. पार्बताबाईनं एवढंच सांगितलं, की त्यांना एकटं टाकून मी येणार नाही. कुलदीप वैतागला. म्हणाला, "आई, लोक हसतीन ना."

"हसू दे. त्यायले सवय हाय."

तेवढ्यात एका माशीनं कुलदीपचा डावा कान गाठला. बाप त्याचा कान पिळायचा, तो हाच. गडी कान धरून ओसरीभर नाचला, आणि पार्बताबाई त्या दुःखातही पदराआड हसली. वर्षभरात त्याला जेव्हा जेव्हा माशी चावली, तेव्हा त्याच कानाला. तिला मात्र एकही चावली नाही.

ती शिकत गेली. झाकण कसं उचलायचं, मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या कशा ठेवायच्या, सगळं धर्मपालनं दाखवलं. उन्हाळ्यात तिनं पेट्यांवर ओलं पोतं टाकलं. दिवेलागणीला ती पेटीला कान लावून बसे. आतला आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच थबकायचा, पुन्हा चालू व्हायचा. जेवण झाल्यावर चंद्रभान आडवा होऊन घोरायचा, ते असंच. शेजारणींनी एकदा तिच्या आग्रहाखातर कान लावला आणि हातातलं काम टाकून घरी गेल्या. पुन्हा त्या संध्याकाळच्या आल्या नाहीत.

श्रावणात फुलं संपली. साखरेचा पाक करून द्या, असं धर्मपाल बजावून गेला होता. पार्बताबाईनं गुळाचा दिला. चार दिवसांत पेट्यांच्या तोंडावर तपकिरी डाग पडले. पोटं फुगलेल्या माश्या जमिनीवर सरपटू लागल्या. ती त्यांना पानावर उचलून उन्हात ठेवी. त्या पाय हलवत हलवत गप्प होत. धर्मपाल धावत आला. गुळानं माश्यांना हगवण लागते, हे किती वेळा सांगायचं, म्हणून त्यानं कपाळावर हात मारला.

"साखर त्यायले बंद केली व्हती डाक्टरनं," ती म्हणाली. "जनमभर गुळाचाच चहा पेले ते."

धर्मपाल आधी हसला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि तो पाण्यात साखर घोळू लागला.

एक पेटी गेली. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर, हातात घेतला तर भुश्यासारखा हलका. त्या दिवशी पार्बताबाई जेवली नाही. चंद्रभान कोणत्या पेटीत होता, हे तिला कुठं ठाऊक होतं? दिवेलागणीला ती उरलेल्या पेटीजवळ गेली, पण कान लावायचा धीर होईना. अंधार पडत आला तेव्हा लावला. आवाज चढला, उतरला, थबकला, पुन्हा सुरू झाला. तिथंच मातीत बसून ती किती वेळ रडली कोण जाणे.

तुरी फुलून गेल्यावर पहिला मध निघाला. लालसर, दाट. पार्बताबाईच्या हातचं काहीतरी त्या वर्षात पहिल्यांदाच गोड झालं होतं. तिनं हौसेनं आळीत वाट्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी वाट्या परत आल्या, भरलेल्या. कोणी भांडलं नाही, कोणी कारण सांगितलं नाही. चुलतसासूनं मात्र बोट बुडवून पाहिलं होतं; वाटीतल्या मधावर तेवढा एक खळगा होता. पार्बताबाईनं सगळ्या वाट्या ओळीनं फडताळात ठेवल्या आणि रोज भाकरीशी एकटीनं खाल्ल्या.

पुन्हा आंबिया बहार आला. रविवारची दुपार. कुलदीप नुकताच गाडीवरून उतरला होता. अचानक पेटीतून माश्यांचा लोट बाहेर पडला. ऊन काळवंडलं. बागभर एकच घरघर. मग तीही थांबली आणि इतकं शांत झालं, की गळणारी फुलं ऐकू यावीत.

माकडांसाठी बांधावर बुजगावणं उभं केलेलं होतं. दोन काठ्या, वर मडकं, आणि चंद्रभानचा जुना सदरा. कालपर्यंत तो काठीवर लोंबत होता. आता त्याची छाती भरली होती. खांदे भरले होते. बाह्या अंगातून हात गेल्यासारख्या फुगल्या होत्या, आणि सगळा सदरा सावकाश वर-खाली होत होता. बहार पाहायला आलेला माणूस झाडाशी थांबावा, तसा तो उभा होता.

कुलदीपच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. "बाबा," त्याच्या तोंडून गेलं.

पार्बताबाई चालत पुढं गेली. धर्मपालनं शिकवल्याप्रमाणे तिनं कुलदीपला पेटीसमोर पांढरं धोतर अंथरायला सांगितलं. मग बुजगावण्यापाशी उभी राहून डोक्यावर पदर घेतला आणि गुंड्या सोडू लागली. माश्या तिच्या मनगटांवरून ओघळल्या, उन्हात वाळत घातलेल्या धान्यासारख्या ऊन. सदरा काठ्यांवरून उतरवून, तान्ह्या लेकराला आणावं तसा दोन्ही हातांवर तिनं आणला आणि धोतरावर ठेवला. माश्या वळल्या. रांगा धरून वर चढू लागल्या, पेटीच्या दारातून आत शिरू लागल्या. सदरा खपाटीला जात होता.

धर्मपालनं दिलेली जाळीची पट्टी कुलदीप शोधून घेऊन आला. पेटीच्या दाराला ती बसवली की कामकरी माश्या जा-ये करतात. राणीचं अंग मोठं, ती अडकते. आणि राणी अडकली की सगळं मोहोळ अडकतं.

"लाव ना आई," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मंग बाबा कुठंच जात नाईत."

पट्टी हातात घेऊन ती बराच वेळ तिच्या फटी पाहत राहिली. वर्षभर ती माहेरी गेली नव्हती, पुतणीच्या लग्नाला गेली नव्हती. दिवेलागणीच्या आत घरी, कान पेटीला. शेवटची माशी आत गेली. तिनं पट्टी कुलदीपच्या खिशात घातली आणि ती धर्मपालला परत कर म्हणाली. पुढच्या रविवारी आठ दिवसांसाठी अमरावतीला येईन, असंही सांगितलं. पेटीचं दार उघडंच राहील. परत येईन तेव्हा असले तर असले.

कुलदीपनं मान हलवली. डोळे पुसले, धोतरावरचा रिकामा सदरा उचलला आणि धुण्याच्या दगडाकडे निघाला. तिनं तो त्याच्या हातून काढून घेतला, घडी केली, छातीशी धरला.

"आज धुवाले टाकू नको रे. अजून गरम हाय."