पदरावरचं अंडं

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज एक अंडं खायला सांगितलं. आमच्या घरात अंडं कधी आलेलंच नव्हतं. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "गॅलरीत उकडत जा. पातेलं येगळं ठेव. अन् अक्काला कळू देऊ नको." अक्का म्हणजे त्यांची सोयगावची थोरली बहीण. कांदा-लसूणसुद्धा न खाणारी, लई कडक.

एका सकाळी अंडं कच्चं राहिलं आणि पिवळा बलक त्यांच्या फिक्या सुती साडीच्या पदरावर सांडला. साडी अक्कांनीच दिलेली, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या गारखेड्याला आमच्याकडे येणार! साडी दिसली नाही तर विचारणार, डाग दिसला तर ओळखणार.

मी शाळेतून येईपर्यंत सासूबाईंनी पदरावर उकळतं पाणी ओतलं होतं. आमच्याकडे कुठल्याही डागाला हाच इलाज.

"अहो आई, काय केलंत हे! अंडं पदरावरच उकडलं की!" मी चिडलेच. पण त्यांचे डोळे भरून आले. "अक्का माझ्या हातचं पाणी पियाची नाय आता," त्या म्हणाल्या. मग मीच वरमले.

मी विज्ञान शिकवते. विकरं, म्हणजे एन्झाइम असलेली धुण्याची पावडर आणली, कोमट पाण्यात पदर बुडवला आणि वर्गातल्यासारखी सुरूच झाले. अंड्यातलं प्रथिन म्हणजे लांबलचक माळ. विकरं तिचे बारीक तुकडे करतात आणि ते पाण्याबरोबर निघून जातात, पोटात अन्न पचतं तसंच. पैठणी असती तर मी ही पावडर लावलीच नसती, रेशीमही प्रथिनच. आता घासायचं नाही, नुसतं थांबायचं.

"म्हंजी ही पावडर अंडं खाती?"

"हो."

"मग मीच कुणाचं घोडं मारलंय?"

हसून हसून माझं पोट दुखलं. त्या मात्र दर थोड्या वेळानं बादलीत डोकावत होत्या. सकाळी पाणी बदलून पदर पुन्हा भिजवला. अकराला उन्हात धरला तर काय, स्वच्छ! आम्ही दोघी गॅलरीत अक्षरशः नाचलो, त्या एका पायावर.

अक्का आल्या. चहा झाला. सासूबाईंना काही राहवेना. पदर पुढं करून म्हणाल्या, "अक्का, इथं अंड्याचा डाग व्हता. दिसतोय का, सांग बरं!"

आणि त्यांनी जीभ चावली.

अक्कांनी चष्मा लावला. पदर उलटसुलट करून पाहिला, दाराकडं एकदा बघून घेतलं आणि मला जवळ ओढून कानात विचारलं, "माझ्या पोलक्यावरचा निघंल का गं? आमच्या सुनंला माहीत नाय."