सुर्ल्याच्या प्रॉम्प्टरचं मत

सिनेमा चांगला की वाईट, हे सुर्ल्याचे जयरामबाब डोळे मिटून सांगतात. ही थट्टा नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी जत्रेतल्या नाटकांना विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं, अडलेल्या नटाला वाक्य पुरवलं. तिथून दिसायची ती नटांची पाठ आणि पडद्याची दोरी. नाटक रंगलं की पडलं, हे कानांनीच ओळखायचं. ती सवय अंगात मुरली ती मुरलीच.

वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी सिनेमा दाखवतात. तो संपला की सगळ्यांच्या माना मागच्या बाकाकडे वळतात. अलीकडच्या एका पोलिसी चित्रपटावर जयरामबाब म्हणाले, "पोटात गोळी घुसलेला माणूस एवढी लांबलचक वाक्यं बोलतो? आमच्या नटांना गोळी न लागताही ती जमायची नाहीत!" भुताच्या सिनेमाला त्यांनी एका वाक्यात निकालात काढलं: "भुताच्या आधी वाजंत्री येऊन पोचली, मग भ्यायचं कोणी?" पण मांद्र्याच्या बाजूच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे जातात, त्या माहितीपटात तासभर लाटा आणि वाळूखेरीज काही ऐकू येत नव्हतं. अर्धी मंडळी पेंगली. जयरामबाब मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"वाळू सरकलेली ऐकू येते," त्यांच्या पत्नी देवकी म्हणाल्या, "आणि मी स्वयंपाकघरातून घसा फोडून हाका मारते, त्या नाही येत."

या वेळचा रविवार मात्र अवघड होता. माहितीपट होता शेजारच्या समीक्षाचा, खनिजाचे ट्रक चालवणाऱ्यांवरचा. तिचे वडील परशुराम तरुणपणी गडहिंग्लजकडून आले आणि इथलेच झाले. अठरा वर्षं त्यांनी ट्रक चालवला. खाणी थांबल्या तेव्हा तो विकला; आता शाळेची बस चालवतात. समीक्षा पणजीतली नोकरी सोडून दोन वर्षं कॅमेरा घेऊन फिरत होती.

शुक्रवारी परशुराम जयरामबाबांच्या सोप्यावर येऊन बसले. "काका, मला सिनेमातलं काय कळत न्हाई. तुम्ही चांगला म्हणाला तर पोरगी अजून वर्षभर हेच करू दे. न्हाईतर सोमवारी वेर्ण्याच्या कंपनीत रुजू होईल. नेमणुकीचं पत्र आलंय."

"अरे, हे माझ्या माथ्यावर कशाला?"

"गाव तुमचंच ऐकतो न्हवं!"

ते गेल्यावर देवकी म्हणाल्या, "चांगला म्हणून टाका. जीभ झिजते काय?"

जयरामबाबांना ते पटेना. खोटं कौतुक पोरीला लगेच कळेल. आणि खरं मत वाईट निघालं, तर सोमवारी ती वेर्ण्याच्या बसमध्ये बसेल.

रविवारी माडी भरली. जयरामबाबांनी डोळे मिटले. चाळीस मिनिटं समीक्षाचा आवाज ऐकू येत होता. स्पष्ट, कमावलेला, पण अखंड. खनिज वाहणाऱ्या बार्जवर ती बोलली, लाल धुळीवर बोलली, रिकाम्या रस्त्यावरही बोलली. मग तिने वडिलांना विचारलं, "ट्रक विकला तेव्हा काय वाटलं, बाबा?" परशुरामांनी श्वास घेतला. क्षणभर शांतता. आणि लगेच तिचाच आवाज: "एका पिढीचं चाक थांबलं होतं."

जयरामबाबांचे डोळे खाडकन उघडले.

दिवे लागले. माना मागे वळल्या. परशुराम गुडघे घट्ट धरून बसले होते. जयरामबाब उठले.

"एका नाटकात मरणारा राजा बोलता बोलता थांबला. मला वाटलं, विसरला. मी विंगेतून पुढचं वाक्य टाकलं, ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक हसले, आणि राजाला त्या हशातच मरावं लागलं." माडीवर खसखस पिकली. ते समीक्षाकडे वळले. "तो विसरला नव्हता गो. थांबला होता. तुझा बापूसही थांबला होता. तू वाक्य टाकलंस."

"म्हंजे नापास?" परशुरामांनी विचारलं.

"अपुरा. जे चांगलं आहे, ते ह्या पोरीनं स्वतःच झाकून ठेवलंय."

समीक्षाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, बाबांना सुचत नाहीय. लोकांपुढे फजिती नको, म्हणून..."

"फजिती कसली?" परशुराम उठले. "मी सांगणारच हुतो. तू क्यामेरा बंद केलास, मग मी च्या प्यायला गेलो."

पुन्हा हशा झाला, पण ते बसले नाहीत. "ट्रक द्यायच्या आदल्या दिवशी मी हॉर्न काढून ठेवला. घेणाऱ्याला म्हटलं, बिघडलाय. पहाटे निघताना वळणावर एकदा वाजवायचो. ही लहान हुती. अंथरुणातनं वळखायची, बाबा गेलं. दुसऱ्या कुणी तो वाजवलेला मला ऐकवला नसता."

समीक्षाने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जयरामबाबांनी ते पाहिलं. मग ती हळूच म्हणाली, "हॉर्न कुठाय?"

"माळ्यावर. अजून वाजतोय."

"आता पुरे!" जयरामबाब ओरडले. "सगळं इथंच संपवू नको रे! कॅमेऱ्यापुढे सांग."

"मग काका, वर्ष द्यायचं का हिला?"

"मला काय विचारतोस? तुझ्याकडे सांगण्यासारखं अजून किती आहे, ते तुलाच ठाऊक."

परशुरामांनी मनाशी हिशेब केला. "लई आहे," ते म्हणाले आणि लेकीकडे वळले. "त्या वेर्ण्याच्या सायबाला सकाळी मी फोन लावतो. तू क्यामेऱ्याचं चार्जिंग बघ."